तहान दुपारी लागते

प्रश्न:

मी ४४ वर्षांची आहे. कांजूरमार्गला राहते, फोर्टमध्ये एका विमा कंपनीत नोकरी करते. गेल्या पावसाळ्यात मुलाचा जुना डीएसएलआर माझ्याकडे आला आणि मुंबईतल्या जुन्या दगडी पाणपोयांवर एक फोटो प्रोजेक्ट करायचं मी मनावर घेतलं. डायरीत ध्येयं लिहून काढली: सगळ्या पाणपोया एका वर्षात, रोज एक फोटो इन्स्टाग्रामवर, पुढच्या वर्षी जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन आणि एक चांगली लेन्स. सहा महिने झाले. चारेकशे फोटो जमलेत आणि सगळे सारखेच दिसतात: दगड, तुटका नळ, कडेला लावलेली स्कूटर. यजमानांना दाखवले तर म्हणाले, 'वॉर्ड ऑफिसात तक्रारीला जोडायला छान आहेत.' मला हसू आलं, पण नंतर कॅमेरा हातात घ्यावासा वाटेना.

परवा जेवणाच्या सुट्टीत बझारगेटजवळच्या मुळजी जेठा पाणपोईसमोर नुसतीच उभी होते. एक हमाल आला. डोक्यावरचं ओझं त्याने खाली टेकवलं, पाणपोईच्या सावलीत बसला, मग उठून समोरच्या टपरीवर गेला आणि पाण्याची बाटली विकत घेऊन पुन्हा तिथेच येऊन प्यायला. मी फोटोसुद्धा काढला नाही. माझी ध्येयंच चुकली का? की मला जमतच नाही?

— एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर:

ताई,

यजमानांवर रागावू नका. तक्रारअर्जाला जोडलेला फोटो हा फार स्वच्छ डोक्याने काढलेला फोटो असतो. नळ तुटलाय हे साहेबांना कळावं, एवढंच त्याचं काम. तो काढणारा उजेडाची वाट बघत बसत नाही, पण चौकटीत काय दिसलंच पाहिजे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. तुम्ही पत्रासोबत पाठवलेले बारा फोटो मी नीट पाहिले. त्यांत ही खात्री सापडत नाही. एक समोरून आहे, एक तिरका. एकात पाणपोई एवढीशी आणि वर ढगच ढग. दुसऱ्यात नळाची तोटी इतक्या जवळून, की ती मुंबईची आहे की मिरजेची ते कळू नये. काही कोवळ्या उन्हात, काही पावसात. तुम्ही म्हणता सगळे सारखेच दिसतात. मला ते पुरेसे सारखेही वाटत नाहीत आणि पुरेसे वेगळेही वाटत नाहीत.

याचं मूळ डायरीतल्या पहिल्याच ओळीत आहे. सगळ्या पाणपोया म्हणजे नेमक्या कुठल्या? पाणी येतं तेवढ्याच, की कोरड्या पडलेल्याही? फुटपाथ उंच होत गेला आणि ज्यांचं हौदाचं तोंड जमिनीला टेकलं, त्या धरायच्या का? राणीच्या बागेतल्या? देवळाच्या आवारातल्या? यातलं काहीच ठरलेलं नसल्यामुळे तुम्ही पाणपोई दिसली की कॅमेरा काढता, यादीत एक टिक वाढते आणि फोटोचं काम संपतं. वास्तुवारशाचं काम करणारे लोक अशी यादी करतात, मोजपट्टी आणि नकाशा घेऊन करतात. ते गरजेचं काम आहे. पण त्यासाठी तुमच्या कॅमेऱ्याची वाट कोणी पाहत नव्हतं.

तरीही यादीचाच रस्ता धरायचा असेल तर तो कसा चालायचा हे एका जर्मन जोडप्याने दाखवून ठेवलंय. बर्न्ड आणि हिला बेखर या नवरा-बायकोने १९५९पासून पुढची काही दशकं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कारखान्यांचे सांगाडे यांचे फोटो काढले. अगदी समोरून, मळभ असलेल्या दिवशी, माणूस शक्यतो नाहीच, प्रत्येक टाकी चौकटीत जवळपास तेवढ्याच मापाची. एक फोटो बघाल तर कंटाळा येईल. नऊ किंवा पंधरा शेजारी-शेजारी लावले की टाक्यांचे स्वभाव दिसायला लागतात. मुंबईच्या पाणपोयांना हे छान शोभेल. कुठे घुमटी, कुठे गोमुख, कुठे दात्याच्या नावाचा गुजराती शिलालेख, कुठे जनावरांसाठी खालच्या अंगाला कोरलेला हौद. जुलैतलं पांढरं आकाश मुंबई फुकट देते. पण मग ट्रायपॉड एकाच उंचीवर लागेल, लेन्स एकच राहील, रविवारी सकाळी स्कूटर हलेपर्यंत थांबावं लागेल आणि आजवरच्या चारशेतले जवळजवळ सगळे बाजूला ठेवावे लागतील.

हा रस्ता इभ्रतीचा आहे. तुम्हाला मात्र तो सुचवणार नाही. का, ते तुमच्याच पत्रात आहे. काढलेल्या चारशे फोटोंबद्दल तुम्ही जेमतेम दोन वाक्यं लिहिलीत आणि न काढलेल्या एका फोटोबद्दल अख्खा परिच्छेद. हमालाने ओझं कुठे टेकवलं, उठून कुठे गेला, परत येऊन कुठे बसला, सगळं तुमच्या लक्षात आहे. दगडाच्या पाणपोईला टेकून माणूस विकतचं पाणी पितो, हे तुम्हाला खुपलंय. मग ध्येय तिथूनच काढायला हवं.

डायरीचं ते पान फाडू नका, पण नवं पान घ्या आणि वर एक प्रश्न लिहा. माझ्या मते तो असा असेल: मुंबईत उन्हात काम करणाऱ्याला आज फुकट पाणी कुठे मिळतं? तुमच्या शब्दांत वेगळा येईल, येऊ द्या. तो प्रश्न असला पाहिजे आणि त्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नसलं पाहिजे, एवढ्या दोनच अटी. 'पाणपोयांचा वारसा' हा प्रश्न नाही. ते सेमिनारचं शीर्षक आहे.

असा प्रश्न हाताशी असला की काय काढायचं ते आपोआप ठरत जातं. दगडी पाणपोया राहतातच, पण त्यांच्या शेजारी दुसरं बरंच काही येऊन बसतं. दुकानाबाहेरचा लाल कापड गुंडाळलेला माठ आणि साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. एखाद्या ट्रस्टने लावलेला कूलर. वॉचमनच्या खुर्चीखालची, लेबल निघून गेलेली, पुन्हा पुन्हा भरलेली बाटली. एप्रिलमध्ये नाक्यानाक्यावर उगवणाऱ्या राजकीय पाणपोया, ज्यांच्या बॅनरवर साहेबांचे चेहरे माठाहून मोठे असतात. (त्या बॅनरसकट काढा. दोन माठ आणि अकरा चेहरे, हा विनोद फोटोतच जमतो.) मोहरमच्या दिवसांत डोंगरी-भेंडीबाजाराकडे सबिली, म्हणजे फुकट पाणी-सरबत वाटणारे मांडव लागतात, त्या तुमच्या वेळापत्रकात बसल्या तर बसल्या. आणि ती टपरीही, जिथे हमालाने पैसे मोजले.

इतिहास सोडा असं मी म्हणत नाही. उलट तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. १८६०मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं, त्याआधी विहिरी आणि तलाव यांवरच भिस्त होती. पुढे मलेरियाच्या भीतीने कित्येक विहिरी बुजल्या किंवा झाकल्या गेल्या. शेटजींनी रस्त्यात पाणपोया बांधल्या त्या या शहरात. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी तर चाळीसेक पाणपोयांना पैसे दिले. मशीद बंदरला भात बाजारातली केशवजी नाईकांची १८७६ची. तुम्ही जिच्यासमोर उभ्या होतात ती १८९४ची, रतनसी मुळजींनी गेलेल्या मुलाच्या, धरमसीच्या आठवणीत बांधलेली, आणि तिचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, म्हणजे तुम्ही रोज ज्या सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडता त्याच्याच वास्तुरचनाकाराचा. ओळखीपाळखीच्या नसलेल्या तहानलेल्या माणसाला पाणी मिळावं ही एका बापाची इच्छा, आणि सव्वाशे वर्षांनी तिच्याच सावलीत बाटलीचं झाकण उघडणारा माणूस. हे नातं फोटोखालच्या दोन ओळींत लिहा. सालं फोटोत दिसत नाहीत, ती दाखवायचा हट्ट धरला की फोटो पुन्हा नुसता दगडाचा होतो.

आता वेळेबद्दल, कारण मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोटोग्राफी शिकवणारा प्रत्येक जण सांगतो, सकाळी लवकर जा नाहीतर सूर्य कलल्यावर जा, दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा. तुम्हीही तेच ऐकलंत, म्हणून तुमचे निम्मे फोटो सकाळी साडेसातचे आहेत. साडेसातला कोणाला तहान लागते? रस्त्यावर माणूस नाही, हातगाडी नाही, टपरी उघडलेली नाही. उजेड देखणा आणि विषय गैरहजर. तहान दुपारी लागते. साडेबारा ते अडीच, जेव्हा फोर्टातली सावली इमारतीच्या भिंतीला चिकटून हातभर उरते आणि माणसं त्या हातभर पट्ट्यातून एकामागे एक चालतात. तुमची जेवणाची सुट्टी नेमकी याच वेळात आहे. नोकरीमुळे वेळ मिळत नाही असं बहुतेकांचं रडगाणं असतं. तुम्हाला नोकरीने बरोबर हवा तो अर्धा तास देऊन ठेवलाय, तोही विषयापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

दुपारचं ऊन कठोर असतं, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे ऊन गोड करायची धडपड सोडून देणं. एक्स्पोजर उजळ भागावर बेता आणि सावली काळी पडू द्या. माणूस सावलीच्या कडेला असेल आणि ऊन त्याच्या मागून येत असेल तर बाटलीतून तोंडात पडणारी पाण्याची धार काळ्या पार्श्वभूमीवर पेटल्यासारखी दिसते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलंत तर थेंब सुटे दिसतील, साठाव्या भागावर आणलंत तर धागा दिसेल. कुठलं हवं ते दोन दुपारी करून बघा आणि मग एकच ठेवा. मेच्या मध्यावर, १५ तारखेच्या आसपास, मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या खांबाची सावली खांबाच्याच पायाखाली. त्या दिवशी पाणपोईच्या आडोशाला बसणाऱ्याला आडोसा कुठे मिळतो, हे बघायला मी तुमच्या जागी असते तर हाफ डे टाकला असता.

बाकीची ध्येयं पटापट उरकू. रोज एक फोटो इन्स्टाग्रामवर, हे काढून टाका. रोजच्या पोस्टसाठी रोज काहीतरी बरं दिसणारं लागतं, आणि बरं दिसणारं म्हणजे पुन्हा सकाळचं ऊन. जहांगीरचं प्रदर्शन ही इच्छा आहे, ती बाळगा, पण ध्येयांच्या पानावर नको. तिथे तारीख मिळायला वर्षानुवर्षं लागतात आणि ती देणं न देणं दुसऱ्यांच्या हातात असतं. जे दुसऱ्याच्या हातात आहे त्यावर तुमचं वर्ष यशस्वी की फुकट ते ठरवू नका. लेन्स घेऊ नका. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स तुमच्याकडे असेलच. तिची झूम रिंग ३५वर आणा आणि चिकटपट्टी लावून टाका. जवळचं हवं असेल तर पुढे जायचं, लांबचं हवं तर मागे सरकायचं. पैसे प्रिंटसाठी लागतील.

हो, प्रिंट. किती फोटो काढायचे याचा आकडा ठरवू नका, किती ठेवायचे याचा ठरवा. शेवटी वीस. एकवीस नाही. दर महिनाअखेरीला त्या महिन्यातले तुम्हाला टाकवत नाहीत ते चाळीस-पन्नास फोटो कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून पोस्टकार्डाच्या आकारात छापून आणा आणि घरात जमिनीवर पसरा. मोबाइलच्या पडद्यावर सगळेच फोटो गोमटे दिसतात, फरशीवर त्यांची लबाडी उघडी पडते. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असले तर एक उचला. हे करायला तुमचे यजमान उत्तम आहेत. त्यांना फोटोग्राफीतलं कळत नाही हीच त्यांची लायकी. त्यांना चांगला कुठला ते विचारू नका, प्रत्येक फोटोत काय चाललंय ते विचारा. त्यांना सांगता आलं नाही तर तो फोटो तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

ठेवलेल्या प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलने जागा, तारीख, वेळ आणि नळाला पाणी होतं की नाही, एवढं लिहा. कंटाळवाणं वाटेल. पण चार महिन्यांनी कोणी विचारलं की फोर्टात दुपारी चालू नळ किती, तर उत्तर तुमच्याकडे असेल आणि ते इतर कोणाकडे असण्याची शक्यता कमीच.

माणसांबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं. पाणी पिणारा माणूस मान मागे टाकतो, डोळे मिटतो, त्या क्षणी तो अगदी बेसावध असतो. लांबून, गाडीआडून टिपलात तर फोटो मिळेल, पण तो चोरलेला असेल आणि बघणाऱ्याला ते कळतं. ३५ची पट्टी लावायला सांगितली त्याचं अर्धं कारण हेच आहे. तेवढ्या अंतरावरून लपता येत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो मिळतील तिथे बघा. कामगार ज्या घाणीत उभा आहे तिथेच कॅमेराही उभा असल्यासारखा वाटतो, रस्त्यापलीकडे नाही. हे एका भेटीत होत नाही. म्हणून दहा जागा फिरण्यापेक्षा दोन-तीन जागा ठरवा आणि तिथेच जात राहा: मुळजी जेठा, जीपीओसमोरची, आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी भात बाजार. पहिले काही दिवस कॅमेरा गळ्यात नुसता दिसू द्या. टपरीवाल्याशी ओळख काढा, तो त्या कोपऱ्याचा गॅझेटियर असतो. 'दादा, पाणी पिताना एक फोटो काढू का?' असं विचारलं तर निम्मे लोक लाजून पोझ देतील. देऊ द्या, तो काढा, मग थांबा. पोझ संपली की माणूस पुन्हा पाणी प्यायला लागतो. नाही म्हणाला तर नाही. आणि पुढच्या खेपेला त्याची प्रिंट त्याच्या हातात द्या. फोटो पाठवतो म्हणणारे पुष्कळ येऊन गेलेले असतात, परत येणारी बाई लक्षात राहते.

तुम्ही विचारलंत, मला जमतच नाही का. त्या दुपारी कॅमेरा न काढता तुम्ही बघत राहिलात आणि जे बघितलं ते पाच ओळींत नेमकं लिहिलंत. बघणं जमतंय. बोट दाबण्याचा सराव उन्हाळ्यात होईल.

उन्हाळा म्हणजे नेमका कधीपर्यंत, हेही पानावर लिहा. मी म्हणेन मार्चच्या पहिल्या सोमवारपासून पावसापर्यंत. हवामान खात्याच्या लेखी मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. तो दोन दिवस आधी आला तर दोन दिवस आधी संपलं, वीसच्या जागी सतरा झाले तर सतरा. संपल्यावर त्यांचं काय करायचं? ऑगस्ट-सप्टेंबरात तुमच्या सोसायटीच्या गणपतीत हॉलची एक भिंत मागा. सुतळीला चिमट्यांनी लावले तरी चालतील. तिथे येणाऱ्यांत पाण्याचा टँकर मागवणारे सेक्रेटरी असतील, वॉचमन असेल, वरच्या मजल्यावर बिस्किटाबरोबर बाटली पोचवणारा पोऱ्या असेल. त्यांच्यासमोर फोटो उभे राहतात का ते बघा, जहांगीरचं नंतर बघू.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तुमचा सगळा परिसर टांकसाळ, रिझर्व्ह बँक, नौदलाची गोदी यांच्या पंचक्रोशीतला आहे. पाणपोईच्या मागे अशी एखादी भिंत किंवा फाटक येत असेल तर कोन बदला, तिकडे कॅमेरा रोखूच नका. स्टेशनच्या आवारातल्या नळांचे फोटो हवे असतील तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा. रस्त्यात पोलिसाने हटकलं तर ऑफिसचं ओळखपत्र दाखवा आणि कॅमेऱ्यातले फोटो स्वतःहून दाखवा. हुज्जत घालू नका, तो बिचाराही भर उन्हातच उभा असतो. त्याला विचारा, ड्युटीवर पाणी कुठे पिता? हातात वही असू द्या.